कंपनीला काय कळतंय

२१ जुलै, सोमवार
विट्याहून खोकं आलं. विश्वजितनं शब्द पाळला.
कॉलेजातला दोस्त. विट्याच्या निम्म्या लोकांसारखं त्याचंही लांब गलाईचं दुकान, कोइमतूरला. सोनं गाळतो, आणि जुन्या कॉम्प्युटरची बोर्डंही. त्यातनं कणभर सोनं निघतं म्हणे. तिकडं गेम बनवणारा एक स्टुडिओ बंद पडला, त्याचं भंगार याच्याकडं आलं. त्यातल्या एका डब्याचा फोटो पाठवून विचारलं, "ह्यो काय प्रकार हाय गड्या? फोडू का ठिवू?"
मी फोनवर ओरडलोच. फोडू नको! डेव्हकिट आहे ते!
दुकानात कन्सोल मिळतो तो गेम खेळायला. हा गेम बनवायला. कंपनी विकत नाही, वापरायला देते, तोही मोठ्या स्टुडिओंना. आता एक साताऱ्यात आहे. बहुतेक जिल्ह्यात एकच.
भाग्यश्री ऑफिसातनं आली. म्हणाली, "अहो, प्रिंटर आणलात का?"
काही माणसांना क्षण ओळखता येत नाही.

२२ जुलै, मंगळवार
संकल्प. पहिला मराठी कन्सोल गेम. बनवणारा: अतिशय पाटील. (नावाचा एकदाचा उपयोग होणार. शाळेत "अतिशय काय?" विचारून लोकांनी जीव खाल्ला होता.)
अनुभव आहेच. पुण्याच्या स्टुडिओत मी टेस्टिंगला होतो. भिंतींवर धडका मारून बघायच्या, हिरो आरपार जातो का. माझ्या हाताखालनं एकही हिरो भिंतीतनं गेला नाही. स्टुडिओ बंद पडला तो इतर लोकांमुळे.
नियम एकच. डबा नेटला लावायचा नाही. हे मशीन नेटवर दिसलं की कंपनीला कळतं कुठलं, कुणाच्या नावावरचं, आणि कंपनी बसल्या जागी तिकडनं बंद करते. मग नुसता लोखंडी डबा. पुण्यात हे सगळ्यांना माहीत होतं. कागदावर ठळक लिहून डब्यावर चिकटवलं. भाग्यश्रीला बजावलं. खाली घरमालक चिंतामणकाका, रिटायर्ड सुभेदार, त्यांनाही बजावलं. लोक निष्काळजी असतात.
काकांनी विचारलं, माल कुणाचा? म्हटलं, तसा कंपनीचाच. "मग कंपनीला माहीत आहे?"
म्हटलं, काका, एवढी मोठी कंपनी. तिला काय कळतंय.

२७ जुलै, रविवार
अण्णांचा सांगलीहून फोन. आमचं तिथं ठिबकच्या पाइपांचं आणि पंपांचं दुकान. अण्णा म्हणाले, "आता माझ्यानं हुईना. तू ये आणि बस दुकानात." मी पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, अण्णा, माझा रस्ता वेगळा आहे. अण्णांनी फोन आईकडं दिला. गहिवरले असणार.
भाग्यश्री म्हणाली, सांगलीला जायचं असेल तर बदलीचा अर्ज आत्ताच करायला लागेल, मागाहून होत नाही. म्हटलं, इथं इतिहास घडतोय, बदली कसली. आणि दुकान कुठं पळून जातंय?
ती अर्ज करणार नाही म्हणाली. "पण मग गेम होऊ द्या हं," म्हणाली. प्रेमानं.

१ ऑगस्ट, शुक्रवार
विषय सुचला! ऊस वाहतूक. डबल ट्रॉली. खेळणाऱ्यानं ट्रॅक्टर घ्यायचा, मागं दोन ट्रॉल्या, आणि कडेगावच्या फडातनं कारखान्यापर्यंत न्यायचा. खड्डे, उतार, मागनं एसटी, मधे म्हैस. ऊस कमीत कमी सांडला पाहिजे.
परदेशातल्या गेममध्ये माणसं एकमेकांना गोळ्या घालतात. त्यात काय अवघड आहे? डबल ट्रॉली रिव्हर्स घेऊन दाखवा म्हणावं.

५ ऑगस्ट, मंगळवार
अभ्यासदौरा. एसटीनं कडेगाव. हंगाम नाही हे तिथं गेल्यावर लक्षात आलं. ट्रॉल्या जागोजागी उभ्या, चाकांत गवत वाढलेलं. एका ट्रॉलीचे चारी बाजूंनी फोटो काढले, खाली झोपून पण काढले. मालक आला. त्याला वाटलं मी गिऱ्हाईक. चहा पाजला. दोन्ही ट्रॉल्या घेतल्या तर त्या जोडायची साखळी फुकट देतो म्हणाला. गेम बनवतोय म्हटल्यावर त्यानं कप परत मागितला.
पाठ धरली आहे. उद्या काम नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
प्रगती जोरात. पहिला स्क्रीन पूर्ण. 'डबल ट्रॉली', आणि त्याखाली माझं नाव. नावाचा रंग आठ दिवस जमत नव्हता. हळदीचा पिवळा निघाला. सांगलीच्या माणसाला हे आधीच सुचायला हवं होतं.
ट्रॅक्टर उद्या. उद्या स्वातंत्र्यदिन, परवा.

१८ ऑगस्ट, सोमवार
झेंडावंदनाला काकांनी सगळ्या कॉलनीसमोर विचारलं, "क्या जवान, तुझं ते मशीन चालतं तरी का?" माझ्या तोंडून गेलं, रविवारी या सगळे, दाखवतोच. मग सांगलीला पण फोन केला. अण्णा, आई, धाकटी बहीण चंदनबाला, तिघंही येणार आहेत.
दडपण अजिबात नाही. ऐंशी टक्के झालंय. उरलंय ते नुसतं खेळणं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
ट्रॅक्टर डब्यावर चालला! स्क्रीनवर उभा राहिला, धूर सोडला आणि एक वीतभर पुढं गेला. भाग्यश्रीला बोलावणार होतो, पण तिला रविवारी सगळ्यांबरोबर सरप्राइझ.
खुपणारी गोष्ट एकच. चालू केल्यावर वरच्या कोपऱ्यात त्या बंद पडलेल्या स्टुडिओचं नाव येतं. पाहुण्यांना काय वाटेल? तिथं 'अतिशय गेम्स' हवं. ते बदलायला साइन-इन लागतं. साइन-इनला नेट लागतं.
नाही म्हणजे नाही.

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळी
विचार केला. नियम चांगलाच आहे, पण तो वायफायबद्दल आहे. वायफाय म्हणजे कायमचं कनेक्शन. मोबाइलचा हॉटस्पॉट म्हणजे आपला आपण. दोन मिनिटं. शिवाय रविवार. कंपनीला सुट्टी.
पडदे ओढून घेतले. माझ्यापर्यंत माग लागू नये म्हणून भाग्यश्रीचा फोन वापरला. ती तेव्हा अंघोळीला गेली होती.
नाव बदललं. 'अतिशय गेम्स'. काय दिसतंय! लगेच नेट बंद. कुणाला पत्ता नाही.
लोक उगाच घाबरतात.

त्याच दिवशी, संध्याकाळी
घडलं ते जसंच्या तसं लिहितो.
अण्णा सोफ्यावर मधोमध. आई, चंदनबाला, चिंतामणकाका, काकू. भाग्यश्रीनं भडंग केलं होतं. मी छोटं भाषण केलं. डबा चालू केला. पडदा निळा झाला आणि इंग्रजी अक्षरं आली. काकांनी परेडच्या आवाजात वाचली, आणि कुणी न विचारता अर्थही सांगितला: "हे यंत्र उत्पादक कंपनीनं बंद केलेलं आहे. कंपनीशी संपर्क साधावा."
आई म्हणाली, "अक्षरं छान आल्यात की रं."
मी म्हटलं, ही गेमची सुरुवात आहे. उत्कंठा वाढवायला. सगळे उत्कंठेनं बसले. मी बटणं दाबत राहिलो. अण्णा म्हणाले, "न्हाई रं, बंद हाय ते." चंदनबालानं भडंगाची प्लेट पुढं केली, "दादा, खा थोडं."
जाताना अण्णांनी दारात परत दुकानाचं काढलं. अशा वेळी! मी नाही म्हणालो. ठाम. माझं मलाच कौतुक वाटलं.

२५ ऑगस्ट, सोमवार
कोण जबाबदार? शक्यता:
काकांनी कंपनीला कळवलं. (फौजी माणूस. पण त्यांना ईमेल करता येत नाही.)
विश्वजितच्या दुकानात कुणी मत्सरी.
आमच्या गेमची बाहेर कुणाला तरी धास्ती.
हॉटस्पॉटचा संबंध नाही. तो दोनच मिनिटं होता.
भाग्यश्रीनं विचारलं, तुम्ही नेटला लावला होता का? म्हटलं, माझ्या फोनवरनं? कधीच नाही. हे शंभर टक्के खरं आहे.

२६ ऑगस्ट, मंगळवार
उपाय. बंद करून चालू. प्लग बदलला. तारीख मागं नेली, म्हणजे त्याला वाटेल अजून जुलैच आहे. वाटलं नाही. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. भिजलेल्या मोबाइलला लागू पडतं. भाग्यश्रीनं संध्याकाळी भात लावायला झाकण काढलं आणि किंचाळली.
पोवई नाक्यावरच्या रिपेअरवाल्यानं डबा उलटापालटा केला आणि विचारलं, "ह्याला डीव्हीडी कुठनं घालायची?"

३० ऑगस्ट, शनिवार
डोक्यात आलं, बंदी साताऱ्यापुरती असेल. डबा मांडीवर घेऊन एसटीनं सांगली. कंडक्टर म्हणाला, पोटाशी काय धरलंय, देव हाय का? म्हटलं, तसंच समजा.
सांगलीतही निळाच पडदा.
दुकानात गेलो. अण्णांच्या खुर्चीवर चंदनबाला. दोन शेतकऱ्यांशी पंपावरनं हुज्जत घालत होती, आणि ते ऐकून घेत होते. तिला मी गिऱ्हाइकाशी बोलायच्या काही टिप्स दिल्या. "बरं दादा," म्हणाली आणि पाइपाचं बंडल मला बाजूला धरायला लावलं.
जेवताना अण्णांनी तिसऱ्यांदा विचारलं. "शेवटचं इचारतोय," म्हणाले. दर वेळी असंच म्हणत असतील. म्हटलं, अण्णा, कंपनीनं माझा घात केलाय, आता तर मागं हटणं शक्यच नाही. अण्णा ताटाकडं बघून "बरं" म्हणाले.
पर्युषण चालू आहे. घरात सगळ्यांचे उपास. मीही एक केला, दुपारपर्यंत.

८ सप्टेंबर, सोमवार
क्षमावाणी. आज सगळ्यांची क्षमा मागायची, सगळ्यांना क्षमा करायची. मनात आलं, कंपनीलाही करून टाकावी.
मोठा ईमेल लिहिला, इंग्रजीत. माझा परिचय. डबल ट्रॉलीचं सामाजिक महत्त्व. गेम जवळजवळ पूर्ण असताना तो कसा बंद पाडला गेला. शेवटी लिहिलं: आपण जाणता-अजाणता मला दुखावलं आहे, मी मनापासून क्षमा करतो, तरी डबा सुरू करून द्यावा.
खरं सांगायचं तर हे दोन आठवडे बरे गेले. लोक विचारतात, गेमचं काय झालं? मी म्हणतो, कंपनीनं बंद पाडला. लोक हळहळतात. काकूंनी शिरा पाठवला.

१२ सप्टेंबर, शुक्रवार
कंपनीचं उत्तर!! त्यांच्या भारतातल्या ऑफिसातनं, अपेक्षा नावाच्या बाईंचं. माझा पत्ता मागितला आहे. मी भाग्यश्रीला म्हटलं, बोलावणं आलं. तिनं फोन हातात घेऊन नीट वाचलं.
डबा कंपनीच्या मालकीचा आहे, परत द्या, कुरिअर येईल. तुम्ही स्वतः कळवलंत, म्हणून कारवाई काही नाही. (माग "Bhagyashree's phone" या नावापर्यंत लागला होता म्हणे. भाग्यश्रीनं हे वाक्य दोनदा वाचलं. मग माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.)
खाली आणखी एक परिच्छेद होता, तो मी घाईत वाचला नव्हता. तुम्ही खरोखर गेम बनवत असाल, तर छोट्या निर्मात्यांना आम्ही किट वापरायला देतो. गेम लॅपटॉपवरही चालत असणारच. तो चालतानाचा व्हिडिओ पाठवा. अर्ज विचारात घेऊ.
भाग्यश्री फोनचं, हॉटस्पॉटचं सगळं विसरली. उठून उभीच राहिली. "अहो, म्हणजे कायदेशीर! तुमच्या नावावर!" माझ्या तोंडात साखर घातली. मग तिच्या आईला फोन, सांगलीला फोन, तिच्या ऑफिसच्या ग्रुपवर मेसेज. लग्नानंतर तिला इतकं खुशीत मी पाहिलं नव्हतं.
मी लॅपटॉपचं झाकण लावून टाकलं. उघडं राहिलं की धूळ बसते.

१७ सप्टेंबर, बुधवार
कुरिअरवाला डबा घेऊन गेला. काकांनी खाली उभं राहून सॅल्यूट ठोकला. थट्टा होती की नाही कळलं नाही.
आता कोण विचारणार, "डबा सुरू झाला का?" नुसतं विचारतील, "गेम झाला का?" प्रश्नाची मजाच गेली.

२२ सप्टेंबर, सोमवार
अपेक्षा मॅडमचा फोन. मराठी निघाल्या, वाईच्या. माझी पंचाईत, इंग्रजीत वेळ काढता आला असता. फार चांगल्या बोलल्या. गावाकडच्या ट्रॅक्टरवरचा गेम त्यांनी अजून पाहिलेला नाही म्हणाल्या, त्यांना खरंच बघायचा आहे. "दहा मिनिटांचा व्हिडिओ पुरे. कुठल्या टप्प्यावर आहे?"
"शेवटच्या," मी म्हणालो.
"मग आजच पाठवाल?"
म्हटलं, लॅपटॉप दुरुस्तीला दिलाय. लॅपटॉप समोरच होता. मी त्यावर हात ठेवला, आवाज जाऊ नये म्हणून.

२६ सप्टेंबर, शुक्रवार
भाग्यश्रीच्या ऑफिसातल्या बायका रोज विचारतात. ती रोज विचारत नाही. फक्त माझ्या खोलीत चहा ठेवते आणि दार हळू लावते, म्हणजे माझी लिंक तुटू नये. त्याचंच जास्त दडपण येतं.
आज ढगांचा रंग बदलला. व्हिडिओत ढग दिसणार.

३० सप्टेंबर, मंगळवार
अपेक्षा मॅडमचा मेसेज. परवा दसरा, तोपर्यंत वाट बघते म्हणाल्या. मी अंगठा पाठवला.

४ ऑक्टोबर, शनिवार
दसरा होऊन गेला. व्हिडिओ गेला नाही. सणासुदीला त्यांनाही कामं असतील.
सकाळी न सांगता अण्णा आले, एकटे. पाणी प्यायले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "बाला म्हणाली, लॅपटॉपवर बी दिसतंय. दाव बघू."
म्हटलं, अजून थोडं काम आहे. म्हणाले, "हाय तेवढं दाव. आमी काय परीक्षा घ्यायला आलोय व्हय?"
भाग्यश्री दारात उभी राहिली. तिनंही कधी बघितला नव्हता. लावला.
पिवळं नाव आलं. अण्णा खूश. "आपलंच नाव हाय की!" मग रस्ता आला, ढग आले, ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या. अण्णा पुढं सरकून बसले. मी बटण दाबलं. ट्रॅक्टरनं धूर सोडला, वीतभर पुढं गेला आणि रस्त्यातनं खाली गेला. मागोमाग एक ट्रॉली, मग दुसरी.
अण्णांनी वाट बघितली. "ट्रॅक्टर कुठं गेला रं?"
"खाली."
"खाली काय हाय?"
"खाली अजून काही केलेलं नाही."
कोपऱ्यात ट्रॅक्टर बारीक बारीक होत पडत होता. अण्णांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "आजून पडतोयच की. थांबायचा कवा?"
"तो थांबत नाही, अण्णा."
मी म्हटलं, रस्त्याचा टणकपणा भरायचा राहिलाय, छोटंसं काम आहे. अण्णा म्हणाले, "बरं हाय. चित्र झ्याक काढलंयस." मागं बघितलं तर दारात भाग्यश्री नव्हती. आत पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता.

दुपारी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला गेलो. सांगली गाडीला वेळ होता. मी म्हटलं, अण्णा, मी विचार केला. तुमचा आग्रहच असेल तर थोडे दिवस दुकानात बसायला हरकत नाही. गेम काय, फावल्या वेळातही होईल.
अण्णांनी टोपी काढून परत घातली. म्हणाले, "आरं, दसऱ्याला बालाच्या नावावर केलं दुकान. नवा बोर्ड बी लागला. तेच सांगाया आलतो."
मी म्हटलं, मला न विचारता?
"तीनदा इचारलं की रं," अण्णा म्हणाले. "तीनदा न्हाई म्हणालास. मी आपलं खरं मानलं." गाडीकडं बघत म्हणाले, "ती चांगलं बघती. माझ्यापरीस चांगलं." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडी लागली म्हणून गडबडीनं चढले. खिडकीतनं हात केला. आत बसल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. दमले असतील, सकाळपासनं प्रवास.

५ ऑक्टोबर, रविवार
रात्रभर विचार केला. एका अर्थी बरंच झालं. दुकानाची टांगती तलवार गेली. आता पूर्ण वेळ गेमला. उद्यापासनं पहाटे उठायचं. आधी रस्ता, मग बाकीचं. अपेक्षा मॅडमना सविस्तर कळवायचं की काम नव्या उंचीवर नेतोय, थोडा अवधी द्या.
सकाळी चहाच्या वेळी भाग्यश्रीला सगळं नीट समजावून सांगितलं. दुकान बालाला गेलं, तेही सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. कप विसळले, साडी बदलली, डबा भरून घेतला आणि ऑफिसला गेली.
आज रविवार आहे.